भंगाळ्यांचं माकड

संगणकाला विरोध करण्यापलीकडे सुकदेव भंगाळे यांनी आयुष्यात संगणकाशी कसलाही संबंध ठेवला नव्हता. विरोध मात्र अगदी मनापासून केला होता. जळगावातल्या एका सरकारी कचेरीच्या हिशोब शाखेत ते वरिष्ठ लिपिक होते आणि कर्मचारी संघटनेचे शाखा चिटणीसही. मुंबईच्या मुख्य कचेरीत संगणक येणार अशी कुणकुण लागली, तेव्हा दंडाला काळी फीत बांधून त्यांनी गेटसभेत विचारलं होतं, "या यंत्राला बेरीज येते, मान्य. पण बेरीज चुकली तर मेमो कोणाला देणार?" या वाक्याला टाळ्या पडल्या होत्या. टाळ्या पडलेलं वाक्य माणूस सहसा विसरत नाही. भंगाळे तर ते अधूनमधून जेवतानाही म्हणत.

आणि नेमकी त्यांचीच मुलगी नूतन दुसरीत बेरजेला अडकली.

वर्गाच्या सरोदेबाईंनी त्यांना शाळेत बोलावून घेतलं. बाई मोठ्या सरळ. "भंगाळेभाऊ, पोरगी हुशार आहे हो. कविता पाठ, अक्षर सुरेख. पण गणितात काय होतं कळत नाही. चार नि पाच विचारलं तर नऊ म्हणते. आठ नि सात विचारलं की गडबडते. वर्गात साठाच्या वर पोरं, मी एकटी कुठे कुठे बघणार? वार्षिक परीक्षेआधी तोंडी घेणार आहे. त्यात जमलं नाही तर तिसरीत नाही बसवता येणार."

भंगाळे घरी आले ते कोणीतरी भर चौकात टोपी उडवल्यासारखे. हिशोब शाखेतल्या माणसाची पोर बेरजेत नापास. शाखेत हे कळलं असतं तर पुढच्या निवडणुकीत चिटणीसपद गेलंच म्हणून समजा. पण खरं दुखणं वेगळंच होतं. नूतन संध्याकाळी गल्लीत खेळायला जाईनाशी झाली होती. मैत्रिणी 'ढ' म्हणतात, असं तिने आईला सांगितलं होतं आणि बाबांना सांगू नको म्हणून शपथ घातली होती. प्रमिलाबाईंनी ती शपथ अर्थातच त्याच दिवशी मोडली. पोर मागे राहिली आणि मैत्रिणी पुढे गेल्या तर ती पुन्हा हसायची नाही, या विचाराने भंगाळे जेवताना ते टाळ्यांचं वाक्य म्हणायचंही विसरले.

ही बातमी गल्लीला सांगावी लागली नाही. आमच्याकडे बातमी भिंतीला कान लावून ऐकावी लागत नाही, ती भिंतीवरून वाटीबरोबर येते. शेजारच्या लताबाई विरजण मागायला आल्या आणि शंखपुष्पी, भिजवलेले बदाम आणि उत्तरेला तोंड करून अभ्यास असा तिहेरी उपाय देऊन गेल्या. घरातच उपाय होता म्हणाल तर भंगाळ्यांचे वडील, जीवरामआबा. सावद्याकडची केळीची शेती थोरल्याच्या हवाली करून ते जळगावला राहायला आले होते, आणि सुट्टी लागली की नातीला घेऊन परत तिकडेच पळायचे. ते म्हणाले, "पोरीले हिशोब मी शिकवतो ना. तिचा हिशोब पक्का आहे. बाईलेच येत नसंल."

"आबा, बाई डी.एड. झालेल्या आहेत."

"मंग राहू दे," आबा म्हणाले आणि अडकित्ता उघडून सुपारी कातरत बसले.

खरा घोळ घातला तो लोटननानांनी. हे समोरच्या घरातले, एस.टी.तून निवृत्त झालेले, मूळचे धुळ्याचे. साधं बोलायला लागले की शुद्ध बोलायचे, रंगात आले की अहिराणीत उतरायचे. ते दुपारी चहाला आले आणि बशी फुंकता फुंकता रंगात आले. "सुकदेवभाऊ, धुळाले मना वळखना युसूफ शे, रेडिओ दुरुस्तीवाला. त्याना भाऊनी कुवेतथून एक मशीन आनेल शे. टीव्हीले जोडानं, पोरे खेळता खेळता बेरजा शिकतस. बठ्ठं आपोआप."

भंगाळ्यांनी खिडकी लावून घेतली आणि आवाज खाली आणला. "नाना, म्हणजे संगणक?"

"त्याले काय बी म्हना."

काय बी म्हणून कसं चालेल? चिटणीसाच्या घरात संगणक म्हणजे शाकाहारी मंडळाच्या अध्यक्षाच्या फडताळात अंडी. दोन दिवस भंगाळे नुसते येरझारा घालत होते. तिसऱ्या दिवशी नूतनने शाळेत जाताना पोटात दुखतंय म्हणून दाराची कडी धरून ठेवली. त्या संध्याकाळी भंगाळ्यांनी स्वतःपुरता ठराव पास केला, की जे टीव्हीला जोडतात ते संगणक नव्हे, शैक्षणिक साधन. कचेरीत त्यांनी धुळ्याला एक स्थळ बघायला जातो असं सांगून रजा टाकली. कोणासाठी स्थळ, हे विचारायचं साहेबांच्या लक्षात आलं नाही.

धुळ्यात आग्रा रोडच्या मागच्या बोळात युसूफचं दुकान. उघडी पोटं घेऊन पडलेल्या रेडिओंमधून वाट काढत भंगाळे आत गेले. मशीन पाहून त्यांची जरा निराशाच झाली. पाटीएवढा काळा डबा, त्याला रबराची बटणं. आत काही नसावं इतका हलका. खेळ होता तो साध्या कॅसेटमध्ये.

"बघा भाऊ," युसूफ म्हणाला, "टेपरेकॉर्डरला ही वायर, टीव्हीला ती. कॅसेट लावली की चिरचिर आवाज येईल, घाबरू नका. तोच खेळ आहे. आवाज फार मोठा नको, फार लहान नको. मधे कोणी वायरला हात लावला की सगळं परत पहिल्यापासून."

"आणि पोरीने उत्तर चुकवलं तर?"

"मशीन कधी ओरडत नाही. फक्त खेळातलं माकड पाडतं."

हे भंगाळ्यांना फार आवडलं. त्यांच्या लहानपणीच्या मास्तरांची पद्धत बरोबर याच्या उलटी होती. व्यवहार झाला, डबा जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत गेला, आणि भंगाळे जळगावच्या एस.टी.त खिडकीशी बसले. पारोळा गेलं, एरंडोल गेलं. शहराच्या तोंडाशी जकात नाक्यावर गाडी थांबली आणि चुडामण नावाचे कारकून सामान बघायला वर चढले. गाडीभर माणसं आणि गाठोडी सोडून त्यांचं बोट नेमकं भंगाळ्यांच्या पिशवीवर आलं. ज्याला लपवायचं असतं त्याने पिशवी मांडीवर घट्ट धरू नये, एवढं साधं तत्त्व हिशोब शाखेत कोणी शिकवत नाही.

"काय आहे?"

"शैक्षणिक साधन."

"म्हणजे काय?"

"म्हणजे एका अर्थी पाटीच."

"पाटीला माफी आहे," चुडामण म्हणाले. "पेन्सिल कुठे?"

गाडीतले लोक माना वळवून बघायला लागले. भंगाळ्यांना खाली उतरावं लागलं. नाक्याच्या खोलीत दरपत्रक उघडलं गेलं. चुडामण वाईट माणूस नव्हते, उलट फार नियमाचे होते, आणि नियमाचा माणूस वाईट माणसापेक्षा जास्त वेळ घेतो. बटणं आहेत म्हणून टाइपरायटर धरावा, तर कागद घालायला जागा नाही. वायर आहे म्हणून रेडिओ धरावा, तर आवाज नाही. "चालवून दाखवा," ते शेवटी म्हणाले. "बघितल्याशिवाय मी कशात घालू याला?"

शेजारच्या चहाच्या टपरीत काळापांढरा टीव्ही होता आणि गाणी वाजवणारा टेपरेकॉर्डरही. गाणी बंद झाली, वायरी लागल्या, कॅसेट चिरचिरायला लागली. चहावाल्याने कान झाकले. पहिल्यांदा आवाज लहान पडला, दुसऱ्यांदा एका गिऱ्हाईकाचा पाय वायरीत अडकला. तेवढ्यात एस.टी. निघून गेली. भंगाळ्यांची छत्रीही तिच्याबरोबर गेली. तिसऱ्यांदा मात्र पडद्यावर केळीचं झाड उगवलं, खाली नदी, नदीत मगर, आणि झाडाच्या बुंध्याशी एक माकड. वर आकडे आले. चुडामण पुढे सरकून बसले आणि बोटाने बटण दाबलं. माकड एक पाऊल वर चढलं.

मग नाक्यावर दुसरं काम झालंच नाही. चुडामण बेरजा करत राहिले. मागे गुळाचे, तुरीचे, पाइपांचे ट्रक लागत गेले. ड्रायव्हर भांडायला उतरले आणि भांडायचं विसरून मागे उभे राहून उत्तरं सांगायला लागले. एका पंजाबी ड्रायव्हरने चुकीचं उत्तर सांगून माकड मगरीच्या तोंडात घातलं, तेव्हा त्याला बाहेर उभं करण्यात आलं. माकड शेंड्याला पोचून घडाला चिकटलं आणि नाक्यावर टाळ्या पडल्या. भंगाळ्यांच्या गेटसभेतल्या टाळ्यांपेक्षा त्या जोरात होत्या, ही गोष्ट त्यांनी मनाला लावून घेतली.

"हे खेळणं आहे," चुडामण निकाल देत म्हणाले. भंगाळ्यांचा चेहरा पडला. अर्धा दिवस, छत्री आणि अब्रू घालवून माणूस खेळणं घेऊन घरी जातोय हे ऐकायला बरं वाटत नाही. चुडामणांना ते दिसलं असावं. त्यांनी खोडून पावतीवर लिहिलं, 'पाटी, विजेची, नग एक. माफ.' शनिवारची दिवेलागण होत असताना आमचे शाखा चिटणीस तुरीच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून गल्लीत उतरले. उतरले तेव्हा गल्लीतली वीज गेलेली होती, म्हणून त्या दिवशी कोणाला काही दिसलं नाही. लोटननानांनी तेवढ्यात सगळ्यांना सांगून ठेवलेलं होतं, तो भाग वेगळा.

दुसऱ्या दिवशी रविवार. गल्लीत रंगीत टीव्ही भंगाळ्यांकडेच, त्यामुळे सकाळच्या पौराणिक मालिकेला अख्खी गल्ली चपला दाराशी सोडून आत बसायची. मालिका संपली, देवांनी आशीर्वाद दिला, पण कोणी उठेना. प्रमिलाबाईंनी डब्याला हळदकुंकू लावलं. नारळ फोडायला निघाल्या तेव्हा भंगाळ्यांनी तो हातातून काढून घेतला, कारण युसूफने पाण्याबद्दल काही सांगितलं नव्हतं आणि त्यांना धोका पत्करायचा नव्हता. बटणांवर इंग्रजी आकडे होते, त्यावर भंगाळ्यांनी मराठी आकड्यांच्या चिठ्ठ्या कणकेच्या खळीने चिकटवल्या. पडद्यावरचे आकडे नूतनला कॅलेंडरवरून ओळखता येत होते. कॅसेट पहिल्याच फटक्यात चिरचिरली आणि लागली. हा शुभशकुनच, असं लताबाई म्हणाल्या.

नूतन पाटावर बसली. चार अधिक पाच. तिने नऊ दाबलं, माकड चढलं, मंडळी खूश. तीन अधिक सहा, पुन्हा चढलं. भंगाळे कमरेवर हात ठेवून उभे राहिले. मग आठ अधिक सात आलं. नूतनने जराही न अडखळता चौदा दाबलं आणि माकड धप्पकन नदीत पडलं.

पोरं हसली. दुसऱ्यांदा नऊ अधिक सहा. चौदा. माकड पाण्यात. बारा अधिक तेराला तिने तेवीस दाबलं. आता मोठी माणसंही हसली. भंगाळ्यांच्या मस्तकात गेलं. "एवढी सोपी बेरीज येत नाही तुला?" ते सगळ्यांदेखत म्हणाले, आणि तिचे डोळे भरलेले पाहून लगेच त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

तेवढ्यात आबा खुर्चीतून उठले. "सरक बेटा. पोरगी बरोबर सांगते. मशीनीतच काही खोट आहे." ते पाटावर बसले, चष्मा पुसला, आणि पुन्हा आठ अधिक सात आलं तेव्हा एका बोटाने सावकाश एक आणि चार दाबलं. माकड पडलं. लोटननाना मांडीवर थाप मारून हसले. आबा संतापले. "बरोबर उत्तराले पाडतं? हा काटा खोटा आहे, सुकदेव. परत कर त्याले."

भंगाळ्यांना तेव्हा पहिल्यांदा काहीतरी जाणवलं. दोघांचं उत्तर एकच होतं. "आबा, आठ नि सात किती?"

"चौदा."

"पंधरा नाही?"

"पंधरा झाडावर. हातात चौदा." आबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की एवढी नोकरी करून याला एवढंही कळू नये. "दहाच्या वर गेलं की दर दहामागं एक जातं. दांड्याचं वजन जातं, डागी फळ जातं, काट्याची झुक जाते. मी जन्मभर केळी तोलली, पूर्ण भरलेलं एकदाही पाह्यलं नाही. पोरीले म्हटलं, आधीच वजा करून बोलायचं, म्हणजे मंग रडायची पाळी येत नाही."

"दहाच्या आत कोणी कापत नाही," नूतन नाक पुसत म्हणाली. "तेवढं घरी खायला असतं."

खोलीत कोणी हसलं नाही. बसलेल्यांपैकी बहुतेकांचे बाप यावल-रावेरकडे कुठे ना कुठे केळीच्या व्यापाऱ्याच्या काट्यासमोर उभे राहिलेले होते. लताबाई उगाच पदर सारखा करत बसल्या. भंगाळ्यांना एकदम आठवलं, की आपली कॉलेजची फी याच वजाबाकीतून उरलेल्यावर भरली गेली, आणि आपण मात्र आज इथे उभं राहून पोरीला ओरडलो. चिटणीस झाल्यापासून भरल्या सभेत ते प्रथमच खाली बसले, नूतनशेजारी जमिनीवर.

"उनी ना गंमत," म्हणजे आली ना गंमत, असं लोटननाना न हसताच म्हणाले आणि चपला घालून निघाले. त्यांच्यामागे एकेक करून मंडळी गेली.

त्या दिवसापासून भंगाळे रोज कचेरीतून आल्यावर पाटाशेजारी मांडी घालून बसायला लागले. "शाळेत दांडा नसतो," ते सांगत. "का नसतो? शाळेत कोणी तोलत नाही?" नूतन विचारी. यावर ते नुसतं पडद्याकडे बोट दाखवत. युसूफ म्हणाला होता ते मात्र खरं ठरलं. मशीन ओरडत नव्हतं, पंधराला माकड चढवत होतं आणि चौदाला पाडत होतं, पुन्हा पुन्हा, न कंटाळता. हळूहळू माकड शेंड्याला पोचायला लागलं. पण अधूनमधून पोर मधेच थांबायची, आबांकडे बघायची, आणि एक वजा करून टाकायची. तोंडी परीक्षेला हे झालं तर काय, या धास्तीने भंगाळ्यांनी त्या दिवशी अर्धी रजा काढली आणि वर्गाच्या खिडकीबाहेर लिंबाच्या झाडामागे उभे राहिले. शाळेच्या शिपायाने त्यांना दोनदा हटकलं. दोन्ही वेळा त्यांनी आपण सरकारी माणूस असल्याचं सांगितलं.

सरोदेबाईंनी साधे आकडे विचारले. नऊ नि सहा, पंधरा. बारा नि तेरा, पंचवीस. भंगाळ्यांनी झाडाची साल नखाने सोलायला सुरुवात केली. मग बाई म्हणाल्या, "आता एक गोष्टीतलं. एका शेतकऱ्याने एका गाडीत केळीचे आठ घड भरले, दुसऱ्या गाडीत सात. एकूण किती?"

नूतनने फळ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. झाडावरच्या मुंग्या भंगाळ्यांच्या बाहीत शिरल्या तरी त्यांना पत्ता नव्हता.

"बाई," नूतनने विचारलं, "घरी मोजले का व्यापाऱ्याकडे तोलले?"

बाईंचा खडू हातातच राहिला. "घरी मोजले."

"मग पंधरा."

"आणि व्यापाऱ्याकडे?"

"चौदा."

बाईंनी खडू टेबलावर ठेवला. त्या रावेरच्या होत्या, हे भंगाळ्यांना नंतर कळलं. "आमच्या वडिलांना तर तेराच मिळायचे," त्या म्हणाल्या आणि नूतनच्या डोक्यावर हात ठेवला. "परीक्षेत नेहमी घरचं उत्तर लिहायचं हं. जा, तिसरीत बसलीस तू."

भंगाळे लिंबामागून बाहेर आले ते बाह्या झटकत, आणि डोळे पुसताना मुंग्या चावल्याचं शिपायाला सांगत. संध्याकाळी नूतन कितीतरी दिवसांनी गल्लीत खेळायला गेली. पण जाण्याआधी तिने टीव्ही लावायला लावला, आबांना हाताला धरून पाटावर बसवलं आणि म्हणाली, "आता तुम्ही. पण सगळं लिहायचं. कापायचं नाही."

पडद्यावर आठ अधिक सात आलं. आबांचं बोट बटणावर गेलं आणि तिथेच थांबलं. "पूर्ण पंधरा?"

"पूर्ण."

आबांनी एक दाबलं, मग पाच दाबलं, आणि हात पटकन मागे घेतला. माकड चढलं. पुढची बेरीज, तीही पूर्ण. माकड पुन्हा चढलं. असं करत ते शेंड्याला गेलं, घडाला बिलगलं आणि केळी खायला लागलं. कोणी अडवलं नाही, कोणी काही बाजूला काढलं नाही. आबा कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

"सुकदेव," ते म्हणाले, "हा व्यापारी कुठला आहे रे?"

"कुवेतचा, आबा."

"लय लांब आहे," आबा म्हणाले, आणि चष्मा काढून बराच वेळ धोतराच्या सोग्याने पुसत बसले.